मालमोटारीचा सारथी

श्रोतेहो, वर्तमानपत्रांच्या आंतल्या पानांवर चार-सहा ओळींची एक बातमी वारंवार येत असते. अमक्या नाक्यावर पहांटे एक मालमोटार अडविण्यांत आली. कांद्याच्या गोण्यांखालीं किंवा फरशीच्या पेट्यांआड दुसराच कांहीं माल सांपडला. चालक व त्याचा जोडीदार यांस अटक झाली. मालाची किंमत इतके लाख, गाडीची इतके लाख. आणि शेवटीं एक वाक्य असतें कीं, मालक फरारी असून पोलीस त्याचा शोध घेत आहेत. आपण ती बातमी वाचतों न वाचतों तोंच पान उलटतों. चालकाचें वय तींत दिलेलें असतें. बहुधा तें बावीस, चोवीस, सव्वीस असें असतें. आज मला त्या वयाविषयीं आणि त्या शेवटच्या वाक्याविषयीं आपणांशीं बोलावयाचें आहे.

हा मुलगा कोण, तें प्रथम पाहूं. कायद्यानें अठराव्या वर्षीं हलकी मोटार चालविण्याचा परवाना मिळतो. जड मालमोटार चालविण्यास मात्र वयाचीं वीस वर्षें पुरीं व्हावीं लागतात, आणि त्याआधीं निदान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातीं असावा लागतो. पूर्वीं आठवी इयत्तेपर्यंत शिकलेला असण्याचीही अट होती. ती २०१९ मध्यें सरकारनें काढून टाकली. अट गेली याचें मला वाईट वाटत नाहीं. घाटांत गाडी सांभाळण्याचा आणि पुस्तकी विद्येचा संबंध थोडाच. परंतु त्यामुळें एक गोष्ट अधिक खरी झाली आहे. ज्या कागदांवर या मुलाचें सारें आयुष्य तरतें किंवा बुडतें, ते कागद त्याला नीट वाचतां येतातच असें नाहीं.

या धंद्याची खरी शाळा म्हणजे क्लीनरची जागा. अजून मिसरूड न फुटलेला पोर उस्तादाच्या हाताखालीं राहतो. चाकें बदलतो, ताडपत्री बांधतो, घाटांत गाडी मागें सरूं लागली कीं उडी टाकून चाकाखालीं दगड लावतो, आणि रात्रीं टपावर निजतो. एखाद्या दिवशीं मोकळ्या माळावर उस्ताद चक्र हातीं देतो, आणि शिक्षण सुरू होतें. दोन-तीन वर्षांत हा मुलगा नुसत्या आवाजावरून यंत्राचा दोष सांगूं लागतो. पण मालाविषयीं, कागदांविषयीं, धन्याच्या हिशेबाविषयीं त्याला कोणी कांहीं शिकवीत नाहीं. उलट, फार विचारूं नये, हाच तेथला पहिला धडा असतो.

सोयीसाठीं आपण असा एक मुलगा कल्पूं आणि त्याचें नांव सदाशिव ठेवूं. गांव माणदेशांतलें, दोन एकर कोरडवाहू जमीन, घरीं आई आणि धाकटी बहीण. एकविसाव्या वर्षीं त्याला एका मालकाची दहा चाकी गाडी मिळाली. अशा गोष्टींतला मालक मिशांवर ताव देणारा व डोळे वटारणारा असतो, अशी आपली समजूत बोलपटांनीं करून दिली आहे. प्रत्यक्षांत तो बहुधा मृदुभाषी असतो, आणि तेंच त्याचें भांडवल असतें. बहिणीच्या लग्नाची गोष्ट निघतांच सदाशिवानें तोंड उघडण्यापूर्वींच शेठनीं चाळीस हजारांची उचल दिली. सही घेतली, पण कोऱ्या कागदावर. मूळ परवानाही, हरवशील म्हणून, आपल्या कपाटांत ठेवून घेतला. सदाशिवाला हें सर्व घरच्या वडीलधाऱ्यासारखें वाटलें.

मग एके संध्याकाळीं, गाडी भरून झाल्यावर, दोघांचें बोलणें होतें तें असें :

"सदा, एवढीं दोन खोकीं केबिनमागें टाक."

"बिल्टी, शेठ?"

"घरचाच माल आहे रे. त्याला कसली आली बिल्टी?"

"उतरवायचीं कोठें?"

"माणूस येईल तुझ्याकडे. तूं फार वेळ थांबूं नकोस म्हणजे झालें."

परत आल्यावर पगाराशिवाय पांचशें रुपये हातीं पडतात. श्रोतेहो, या साऱ्या प्रकरणांत निर्णायक क्षण जर कोणता असेल, तर तो हा. खोकीं उचललीं तेव्हां सदाशिव अजाण होता असें म्हणतां येईल. पांचशें रुपये खिशांत घातले तेव्हां तो तितका अजाण राहिला नाहीं. आणि तरीही खोक्यांत काय होतें हें त्याला अजून ठाऊक नाहीं. ठाऊक करून घेण्याचें तो टाळतो. हें टाळणें मनुष्यस्वभावाला धरून आहे, पण न्यायालय त्याला नेहमींच क्षमा करीत नाहीं. बिनकागदी माल, नेहमींपेक्षां जादा पैसे, आडवाटेनें जाण्याची सूचना, अशा गोष्टींवरून, याला माहीत असलेंच पाहिजे, असें अनुमान काढलें जातें.

दोन खोक्यांचीं पुढें वीस होतात. नंतर एकदां गाडी चार दिवस दुरुस्तीला जाते, आणि परत येते तेव्हां हौद्याची लांबी आंतून वीत-दीड वीत कमी झालेली असते. केबिनच्या पाठीशीं चोरकप्पा बसविलेला असतो. दररोज हौदा झाडून घेणाऱ्याला तें कळल्यावांचून राहत नाहीं. आतां नको म्हणावें, तर उचल फिटलेली नाहीं, कोरा कागद तिकडे आहे, परवाना कपाटांत आहे. आणि शेठ सहज बोलतां बोलतां एक वाक्य टाकून जातात : "मागच्या खेपा तूंच केल्यास ना रे?" धमकी म्हणतात ती एवढीच. आवाजसुद्धां चढलेला नसतो.

त्या खोक्यांत असतें तरी काय? महाराष्ट्रांत जुलै २०१२ मध्यें गुटख्यावर बंदी आली, आणि ती पुढें वेळोवेळीं नव्यानें जारी होत आली. बंदी आली, पण तलफ गेली नाहीं. तेव्हां माल चोरवाटांनीं फिरूं लागला. गोव्यांत मद्यावरील कर कमी, महाराष्ट्रांत अधिक. म्हणून बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर किंवा आंबोलीच्या घाटांत गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्यांना खंड नसतो. तिसरी गोष्ट नदीच्या पात्रांतून रात्रीं चोरून उपसलेली वाळू. तिला चोरकप्पा लागत नाहीं. ती उघड्या हौद्यांतून जाते. तेथें चालकाला माहीत होतें कीं नव्हतें हा प्रश्नच उरत नाहीं. त्याला नाहीं म्हणतां आलें असतें काय, एवढाच प्रश्न उरतो. आणि जातां जातां विचारतों, आपल्या नव्या घराच्या पायांत पडलेली वाळू कोणत्या रात्रीं कोणत्या नदींतून आली, हें आपण आपल्या कंत्राटदारास विचारलें होतें काय?

या सर्वांत भयंकर माल म्हणजे गांजा व त्याच्या जातीचे इतर पदार्थ. गुटख्याच्या गुन्ह्यांत अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याबरोबर विषारी पदार्थानें इजा करण्याचें कलमही पोलीस लावितात, व त्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तेथें खटला निदान नेहमींच्या वाटेनें चालतो. अंमली पदार्थांविषयींचा १९८५ चा कायदा मात्र अगदीं निराळ्या घडणीचा आहे. गांजा वीस किलोंहून अधिक भरला, म्हणजे तें प्रमाण व्यापारी ठरतें, आणि त्याची शिक्षा दहा वर्षांहून कमी देतां येत नाहीं. ती वीस वर्षांपर्यंत जाते, शिवाय एक ते दोन लाखांचा दंड. वीस किलो म्हणजे मालमोटारीच्या हिशेबानें काय? एका गोणीचा अर्धा कोपरा!

त्याहून गंभीर गोष्ट पुराव्याची आहे. सामान्य फौजदारी खटल्यांत आरोपीचें मन दोषी होतें हें सरकारनें सिद्ध करावयाचें असतें. या कायद्याच्या ३५ व्या व ५४ व्या कलमांनीं तें ओझें फिरविलें आहे. माल ज्याच्या ताब्यांत सांपडला त्याला तो माहीत होता, असें न्यायालयानें धरून चालावयाचें, आणि माहीत नव्हता हें आरोपीनें दाखवावयाचें. सर्वोच्च न्यायालयानें २००८ मध्यें हीं कलमें वैध ठरविलीं, परंतु त्यांची धार थोडी बोथट केली. मुळांतल्या गोष्टी, म्हणजे माल खरोखर ताब्यांत होता, जप्ती रीतसर झाली, या सरकारनेंच निःसंशय सिद्ध केल्या पाहिजेत, त्यानंतरच ओझें आरोपीवर येतें. आणि आरोपीचा पुरावा सरकारच्या पुराव्याइतका कडक असण्याची जरूर नाहीं, असें त्या निकालांत म्हटलें आहे. पुढें ऑक्टोबर २०२० मध्यें त्याच न्यायालयानें आणखी एक मोठी गोष्ट ठरविली. तपासी अधिकाऱ्यांपुढें या कायद्याखालीं लिहून दिलेला कबुलीजबाब हा पुरावा म्हणून धरतां येणार नाहीं. पहांटे तीन वाजतां नाक्यावरच्या खोलींत ज्या मुलाची सही घेतली जाते, त्याच्या दृष्टीनें या निकालाचें मोल फार आहे.

आतां मालकाकडे वळूं. कायदा त्याला विसरलेला नाहीं. आपली गाडी अशा कामीं वापरली जाऊं देणाऱ्या मालकास त्याच कायद्याच्या २५ व्या कलमानें मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. पण त्यानें जाणूनबुजून तसें होऊं दिलें, हें सिद्ध करावें लागतें. आणि चोरकप्प्याच्या दुरुस्तीचें बिल शेठजी आपल्या नांवावर थोडेंच करून घेतात! येथें एक चमत्कारिक पेंच आहे, तो ध्यानांत घेण्यासारखा आहे. जप्त झालेली गाडी सरकारजमा होऊं नये असें मालकास वाटत असेल, तर ६० व्या कलमाप्रमाणें त्यानें केवळ आपलें अज्ञान सिद्ध करून भागत नाहीं. गाडी ज्याच्या ताब्यांत होती त्यालाही हें माहीत नव्हतें व त्यानेंही योग्य ती काळजी घेतली होती, हें दाखवावें लागतें. म्हणजे गाडी वाचवावयाची तर चालक निर्दोष म्हणावा लागतो, आणि स्वतःला वाचवावयाचें तर सारें त्यानेंच केलें असें म्हणावें लागतें. चतुर वकील मालकाच्या साक्षींतला हा सांधा बरोबर पकडतो. मात्र निकाल लागेपर्यंत गाडी मालकास अटींवर परत देतां येते, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२५ मध्यें आसाममधील एका मालमोटारीच्या प्रकरणांत स्पष्ट केलें आहे. निर्दोष मालकाच्या डोक्यावर कर्ज असतें, हप्ते थांबत नाहींत, तेव्हां या निकालांत अन्याय असा कांहीं नाहीं. तरीही गाडी चालकाच्या आधीं सुटून येते आणि नव्या पोराला घेऊन रस्त्याला लागते, हें चित्र डोळ्यांपुढून हलत नाहीं. कारण या कायद्यांत चालकाला जामीन मिळणें फार कठीण; तो दोषी नाहीं असें मानण्यास सबळ कारण असल्याची न्यायाधीशाची खात्री पटावी लागते, आणि ती पटविण्याचा काळ म्हणजे खटल्याच्या आरंभींचा, जेव्हां मुलाच्या हातीं एकही कागद नसतो.

आपल्या विधिमंडळांस मालक-चालकांचें खरें नातें कळत नव्हतें असें मात्र नाहीं. मोटार वाहनांच्या १९८८ च्या कायद्यांत ११३ वें कलम आहे. प्रमाणाबाहेर भरलेली गाडी पकडली आणि तिचा चालक मालक नसेल, तर हा अपराध मालकाच्या माहितीनें किंवा हुकुमानें झाला असें न्यायालयाला गृहीत धरतां येतें, असें त्यांत साफ लिहिलें आहे. किती समंजस वाक्य आहे पाहा! वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, एवढ्या किरकोळ गुन्ह्यांत कायदा ओळखतो कीं गाडी चालक भरीत नाहीं, धनी भरवितो. आणि जेथें वीस वर्षांचा तुरुंगवास आहे तेथें हीच ओळख त्याला राहत नाहीं. जड गोष्टींत कायद्यानें अधिक कडक असावें हें मला मान्य आहे; पण कडकपणा आणि दृष्टिहीनता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची म्हण आपल्या भाषेंत आहे. येथें सुळीं जाणारा अगदींच संन्यासी नसतो. त्यानें पांचशें रुपये घेतलेले असतात. पण चोर सुटतो, एवढें मात्र म्हणींतल्याप्रमाणेंच होतें.

मुलावर जबरदस्ती झाली होती, हा बचाव चालत नाहीं काय? पुष्कळांना वाटतें कीं चालेल. १८६० च्या दंडसंहितेचें ९४ वें कलम, जें १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेंत ३२ वें झालें आहे, तें सांगतें कीं धमकीमुळें केलेलें कृत्य गुन्हा होत नाहीं; पण धमकी तात्काळ मृत्यूची असली पाहिजे. त्या कलमाला जोडलेल्या स्पष्टीकरणांत एका लोहाराचें उदाहरण आहे. दरोडेखोरांनीं त्याला पकडून, ठार मारण्याच्या धाकानें, घराचें दार फोडावयास लावलें, तर तो लोहार निर्दोष. परंतु नुसत्या मारहाणीच्या भीतीनें जो टोळींत सामील झाला, त्याला हें संरक्षण नाहीं. मग उचल परत मागेन, काम काढून घेईन, मागच्या खेपांची गोष्ट पोलिसांना सांगेन, या धमक्यांची तर बातच नको. दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या त्या लोहाराला गळ्याशीं सुरी लागल्याशिवाय सुटका नव्हती. आजच्या सदाशिवालाही नाहीं. त्याच्या गळ्याशीं सुरी नसते, चाळीस हजारांचा आंकडा असतो.

त्या आंकड्याविषयीं मात्र दुसरा एक कायदा बोलतो, आणि तो आपल्या शहरी घरांतून फारसा कोणास माहीत नसतो. वेठबिगारी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वीटभट्टी किंवा दगडाची खाण येते. परंतु १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याची व्याख्या पुष्कळ रुंद आहे. आगाऊ घेतलेल्या पैशांच्या मोबदल्यांत ज्याला दुसरीकडे काम धरण्याचें स्वातंत्र्य उरलें नाहीं, तो त्या व्याख्येंत येऊं शकतो. आणि तो आला कीं तें कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते, व तें वसूल करूं पाहणारा धनी गुन्हेगार ठरतो. केबिनमध्यें बसलेला, अंगांत जीनची विजार घातलेला मुलगा वेठबिगार असूं शकतो, हें प्रथम ऐकतांना खरें वाटत नाहीं. उचल, कोरा कागद आणि कपाटांतला परवाना हीं तिन्ही एकत्र आलीं, म्हणजे माझ्या मतें तो प्रश्न विचारलाच पाहिजे.

विषय रुक्ष होत चालला, म्हणून थोडें विषयांतर करतों. १९४७ मध्यें अमेरिकेंत 'डेस्परेट' नांवाचा एक लहानसा बोलपट निघाला. दिग्दर्शक अँथनी मान. नुकतेंच लग्न झालेला एक तरुण मालमोटारवाला, ओळखीच्या माणसानें बोलावलें म्हणून एका रात्रीच्या भाड्याला जातो, आणि गोदामापाशीं गेल्यावर त्याला कळतें कीं आपण चोरीचा माल भरावयास आलों आहों. तो गाडीचे दिवे उघडझांप करून पोलिसाला खूण करतो. गोळीबार होतो, पोलीस मरतो, आणि टोळीचा नायक सारा दोष याच्या माथीं मारावयास निघतो. इथपर्यंत गोष्ट नेहमींची. पण नंतर हा तरुण पोलिसांकडे न जातां, गरोदर बायकोला घेऊन, गांवोगांव पळत सुटतो. आणि जितका पळतो तितका दोषी दिसूं लागतो. माझ्या मतें त्या बोलपटांतला सर्वांत सत्य भाग तोच आहे. निर्दोष मनुष्य पळत नाहीं, असें आपण खुर्चींत बसून म्हणतों. ज्याचें कोणी ऐकून घेणार नाहीं असें त्याला आयुष्यभर शिकविलें गेलें आहे, तो निर्दोष असला तरी पळतो.

असो. या मुलाला करतां येण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें फार अवघड नाहीं. मालाची रीतसर पावती देणें हें २००७ च्या रस्तेवाहतुकीच्या कायद्यानें वाहतूकदारावर बंधनकारक आहे. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल परराज्यांत नेतांना १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागतें. त्याचा क्रमांक फोनवर घालून पाहिला तर माल कोणता, कोठून कोठें, गाडी कोणती, हें दोन मिनिटांत कळतें. गाडी भरली जात असतां एक छायाचित्र, ताडपत्री बांधल्यावर दुसरें, बंद पेटाऱ्याची गाडी असेल तर मोहरेच्या क्रमांकाचें तिसरें, अशीं तीन छायाचित्रें घरीं बहिणीकडे पाठवून ठेवलीं, तर खटल्याच्या दिवशीं तीं कोणत्याही शपथेपेक्षां अधिक बोलतील. मी काळजी घेतली होती, हें दाखविण्याचा तोच मार्ग आहे. आणि कपाटांतल्या परवान्याचें भय तर बाळगूंच नये. सरकारी डिजिलॉकरमधली प्रत रस्त्यावर ग्राह्य धरावी, असें केंद्र सरकारनें २०१८ मध्येंच ठरविलें आहे. पुष्कळ मुलांना हें ठाऊक नसतें, आणि मालक त्यांना तें सांगत नाहीं.

ज्यानें आधींच चार-सहा खेपा केल्या आहेत, त्याची वाट अवघड. त्यानें एकट्यानें जवळच्या चौकींत जावें असें मी म्हणणार नाहीं. शेठची तेथें ओळख असण्याचा संभव असतो. वकिलामार्फत, वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, लेखी जावें. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४३ व्या कलमांत, जुन्या ३०६ व्या कलमाप्रमाणेंच, माफीच्या साक्षीदाराची तरतूद आहे. गंभीर गुन्ह्यांत सर्व कांहीं खरें सांगण्याच्या अटीवर साथीदाराला माफी देतां येते. पण हें आकर्षक वाटलें तरी त्याची दुसरी बाजूही पाहावी. माफी स्वीकारणारा आधींच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडींतच राहावें लागतें. आणि बाहेर शेठचीं माणसें असतात. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें देशभर लागू केली. तिच्याखालीं अर्ज करतां येतो, हें वकिलानें आईला समजावून सांगितलें पाहिजे, कारण भीति बहुधा प्रथम आईच्या घरीं पोंचते.

आपण म्हणाल, या साऱ्याशीं आमचा संबंध काय? जानेवारी २०२४ मध्यें चालकांनीं दोन-तीन दिवस चाकें थांबविलीं, तेव्हां पेट्रोलच्या पंपांपुढें लागलेल्या रांगांत आपणच उभे होतों. अपघात करून पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांची शिक्षा ठेवणाऱ्या नव्या कलमाविरुद्ध तो संप होता, आणि तें कलम पुढें इतर संहितेबरोबर अंमलांत आणण्यांत आलें नाहीं. तीन दिवसांत एवढें घडलें, यावरून हे लोक आपल्या घरापासून किती जवळ आहेत तें दिसतें. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. चालकानें धन्याचा गुन्हा अंगावर घ्यावा ही अपेक्षा केवळ चोरट्या शेठचीच असते असें नाहीं. पुण्यांत मे २०२४ मध्यें झालेल्या एका भीषण मोटार-अपघातानंतर, दोष आपल्यावर घ्यावा म्हणून घरच्या ड्रायव्हरवर दडपण आणल्याचा आरोप वडीलधाऱ्या मंडळींवरच ठेवण्यांत आला. त्या आरोपाच्या खरेखोटेपणाविषयीं मी कांहीं म्हणत नाहीं. पण ती बातमी वाचतांना, असें कसें कोणी करील, असें आपल्यापैकीं कितीजणांना मनापासून वाटलें?

शिवाय आपल्या घरीं धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा मुलगा, वाण्याच्या दुकानांतल्या गड्याचा भाऊ, हेच या गाड्यांवर असतात. एखाद्या सकाळीं ती बाई पदरांत बांधलेला कागद सोडून पुढें करते आणि म्हणते, "बाई, एवढें वाचून सांगा, काय लिहिलंय." त्या वेळीं धीर देण्यापेक्षां कागद वाचणें अधिक उपयोगी असतें. कोणता कायदा, कोणतें कलम, आणि जप्त माल किती, हें आधीं पाहावें. अटकेचीं कारणें मुलाला लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेंत दिलीं आहेत काय, हें विचारावें; सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतल्याच एका प्रकरणांत नोव्हेंबर २०२५ मध्यें तें सर्व गुन्ह्यांस आवश्यक ठरविलें आहे. चोवीस तासांच्या आंत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढें नेलें होतें काय, तें पाहावें. वकील शेठनीं दिला असेल तर तो बदलून घ्यावा; हें मी आग्रहानें सांगतों. शेठचा वकील शेठचा असतो. कोठडींत असलेल्या कोणाही माणसास, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याप्रमाणें सरकारी खर्चानें वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत विधी सेवा प्राधिकरणाचें कार्यालय असतें, आणि १५१०० हा दूरध्वनि त्यासाठींच आहे.

आणि दिवस मोजावे. साठ दिवसांत, दहा वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, आणि अंमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यांत एकशें ऐंशी दिवसांत आरोपपत्र दाखल झालें नाहीं, तर जामीन हा हक्क होतो. शेवटच्या प्रकारांत मात्र सरकारी वकिलाच्या अहवालावरून ही मुदत एक वर्षापर्यंत वाढूं शकते. पहिल्या रिमांडचा दिवस त्यांत धरावयाचा, असें २०२३ मध्यें ठरलें आहे. तेव्हां स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाला खूण करावी, तेथपासून मोजावें, आणि अर्ज आधींच लिहून तयार ठेवावा. कारण आरोपपत्र आल्यानंतर केलेल्या अर्जाचा उपयोग होत नाहीं, आणि तें पुष्कळदां अगदीं शेवटच्या सायंकाळीं येतें.